गावंदरीची बुडकी

आक्का गेल्या त्याला आता महिना होत आला. आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. सुतकाच्या दिवसांत घर माणसांनी भरलेलं होतं आणि येणारा जो तो त्यांची एखादी आठवण काढत होता. कुणी त्यांच्या हातच्या काळ्या मसाल्याबद्दल बोललं, कुणी त्यांच्या फटकळ तोंडाबद्दल, कुणी बिथरलेल्या खोंडाची वेसण त्यांनी कशी धरली त्याबद्दल. आडाची गोष्ट कुणी काढली नाही. ती डोळ्यांनी पाहिलेली माणसं आता फारशी राहिलेली नाहीत. मी आहे, म्हणून लिहिते आहे. एका बैठकीत फार लिहवत नाही. जमेल तसं लिहिते.

माझं माहेर तळेगाव दाभाड्याचं. वडील शाळामास्तर होते. त्यांनी मला सातवीच्या फायनल परीक्षेपर्यंत शिकवलं आणि मग तळवड्याच्या अलीकडच्या एका लहानशा गावात शेतकऱ्याच्या घरी दिलं, कारण मुलगा शिकलेला होता आणि पिंपरीला नव्याने उभ्या राहणाऱ्या एका कारखान्यात त्याला कारकुनी मिळाली होती. पन्नास साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. घरात सासरे, थोरले दीर, आक्का आणि आम्ही दोघं. सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या होत्या. सासऱ्यांना आम्ही जावा मामंजी म्हणायचो. म्हणजे त्यांच्याविषयी बोलताना म्हणायचो. त्यांच्याशी समोरासमोर बोलायची पद्धत नव्हती. मामंजी ओट्यावर बसले असले की आम्ही पदर पुढे ओढून भिंतीकडेने जायचो, आणि काही सांगायचंच असलं तर तिसऱ्याला सांगायचो, ते ऐकतील एवढ्या आवाजात.

आक्कांची दोन मुलं गेलेली होती. पहिला मुलगा रांगायला लागला होता तेव्हा, दुसरी मुलगी त्याहून लहान असताना. दोन्ही उन्हाळ्यात, दोन्ही हगवणीने. एवढ्या लहान मुलांना जाळत नाहीत, पुरतात. दोन्ही वेळा ओढ्याकाठी खड्डा मामंजींनीच खणला, कारण थोरल्या दिरांच्या हातून ते होईना. मला हे आक्कांनीच सांगितलं होतं, भाकरी थापता थापता. एकही भाकरी करपली नाही.

मी त्या घरात आले त्या वर्षीच त्यांना पुन्हा दिवस राहिले. माझ्या माहेरच्या ओळखीच्या एक डॉक्टरीणबाई तळेगावात होत्या. पंचमीला मी माहेरी निघाले तेव्हा हट्टाने आक्कांनाही गाडीत घेतलं आणि बाईंना दाखवलं. बाईंनी तपासलं, आधीच्या मुलांचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाणी कुठलं पिता?"

"आडाचं."

"आडाच्या कडेला काय आहे?"

आक्कांना प्रश्न कळला नाही. "गल्ली हाय की," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "सांडपाणी साचतं, बाई. सगळ्या गल्लीचं."

बाईंनी चष्मा काढला. "मग औषध माझ्याकडे नाही. पाणी उकळून प्या, आणि ते डबकं तिथून हलवा. हे मूल जगायला हवं असेल तर जन्मायच्या आत हलवा."

परतताना देहूची वाट मागे पडली. मग आक्का म्हणाल्या, "धाकटे, ती काय म्हनाली ते पुन्यांदा सांग." मी सांगितलं. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा सांगायला लावलं.

आमची गल्ली वरून खाली उतरत येई. दोन्ही बाजूंना भावकीचीच घरं. प्रत्येक घराच्या मोरीचं तोंड गल्लीत उघडायचं. भांडी राखेने घासली जात, तेव्हा पाणी राखेचं. त्यात ताकाची मडकी धुतलेलं, म्हशी धुतलेलं, लेकरांची फडकी धुतलेलं सगळं मिसळायचं आणि गल्लीच्या मधोमध एक काळसर ओघळ होऊन खाली सरकायचं. उतार संपायचा तिथे आड होता. आडाचं बांधकाम कोरडं, दगडावर दगड रचलेलं, मध्ये चुना नाही. ओघळ आडाच्या ओट्याला वळसा घालून पलीकडे पसरायचा आणि तिथेच थांबायचा. त्यात बदकं नव्हती एवढंच, बाकी सगळं होतं.

योग असा की त्याच पावसाळ्यात गावाला ग्रामसेवक मिळाला. साताऱ्याकडचा तरुण, सायकलवरून यायचा. त्याच्याकडे आसपासची बरीच गावं होती. चावडीपुढे माणसं जमवून त्याने सांगितलं की सरकार सिमेंटच्या नळ्या देईल, खणण्याचं काम गावाने श्रमदानाने करायचं. गल्लीचं पाणी नळीतून गावाबाहेर काढायचं.

वरच्या अंगाला राहणाऱ्या आमच्या एक चुलत सासूबाई होत्या. तोंड असं की चावडीवर बायका मागे उभ्या असल्या तरी ह्यांचं पुढे ऐकू यावं. त्या म्हणाल्या, "गटाराला सरकार आलं, बाई. आता उकिरड्याला कलेक्टर येतोय बगा."

लोक हसले. ग्रामसेवकही हसला. पण काम ठरलं.

पाणी जायचं कुठे, हा प्रश्न होता. गावाच्या खालच्या अंगाला जी पहिली जमीन लागते तिला गावंदरी म्हणतात. गावातलं शेणखत वाहून तिथे पडतं म्हणून ती कसदार असते. ती गावंदरी आमची होती. मामंजी तिथे दर वर्षी कांद्याचं रोप टाकत आणि दिवाळीनंतर ते मळ्यात लावत. पण गावंदरीला विहीर नव्हती. रोपाला पाणी घालायचं तर ओढ्यातून कावडीने आणावं लागे. मामंजींनी कोपरा द्यायचं कबूल केलं. ग्रामसेवक त्यांना खड्डा कसा करायचा ते समजावत होता तेव्हा मी भाकरी घेऊन गेले होते आणि बांधाआड थांबले होते.

"खाली मोठे दगड, त्यावर लहान, वर खडी आणि वाळू. पाणी आपोआप मुरून जाईल, बाबा."

"मुरून जाईल म्हंजी?"

"जमिनीत जाईल."

"आन् मग?"

"मग काही नाही. मुरलं की संपलं."

मामंजी त्याच्याकडे बघत राहिले. भरलेली कणगी पेटवून द्यायला सांगावं तसं त्यांना वाटलं असणार. ज्या माणसाने उभा जन्म पाटाचं पाणी वाटेत मुरू नये म्हणून फावड्याने चिखल लिंपण्यात घालवला, त्याला कुणीतरी सांगत होतं की पाणी मुद्दाम मुरवायचं असतं.

"बरं," एवढंच ते म्हणाले.

नळ्या आल्या. गल्ली खणली गेली. आमच्या घरचे दोघेही भाऊ खणत होते, माझे यजमान रविवारी आणि कारखान्यातून परतल्यावर. उतार फार कमी होता. ग्रामसेवक पातळी बघायची पाण्याने भरलेली नळी धरून पुन्हा पुन्हा उतार मोजायचा आणि कपाळाला हात लावायचा. आडाजवळ नळ्या कमी पडल्या, तिथे त्याने उघडी दगडी पन्हळ करवली. खड्डा खणून झाला. दगड कसे भरायचे ते पुन्हा एकदा सांगून तो पुढच्या गावांना निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मी भाकरी घेऊन गेले तर मामंजी आणि थोरले दीर खड्ड्यात उतरलेले. ओढ्याकाठची चिकण माती, शेण आणि गव्हाचा भुसा तुडवून त्यांनी गारा केला होता, तो तळाला आणि कडांना हातभर थापला होता, आणि धुम्मसाने चोपून चोपून घट्ट करत होते. तळ कसा, चूल सारवल्यासारखा गुळगुळीत. दगड बाहेर ढिगाने पडले होते. मामंजींनी शोषखड्ड्याची बुडकी केली होती. बुडकी म्हणजे ओढ्याकाठी पाण्यासाठी खणतात ती लहान उथळ विहीर. आता गल्लीचं सगळं पाणी तिच्यात साठणार होतं आणि पोहऱ्याने उपसून रोपाला जाणार होतं.

मी घरी येऊन आक्कांना सांगितलं, "ते मुरायला हवं होतं. साठलं तर मागे येईल."

आक्का पोटावर हात ठेवून जात्याशी टेकल्या होत्या. "गल्लीतनं गेलं न्हवं? मग तिकडं बुडकी करू दे न्हाईतर म्हशी डुंबू दे. आपल्याला काय करायचंय."

आणि खरोखर, काही आठवडे सगळं छान चाललं. गल्ली कोरडी झाली. आडाभोवतीचं डबकं आधी चिखल झालं, मग त्याला भेगा पडल्या. आक्का तिथे उन्हात वाकळ टाकून गहू निवडायला बसू लागल्या. खाली मामंजी सकाळ-संध्याकाळ पोहऱ्याने पाणी उपसत आणि कांद्याचं रोप असं तरारलं की शेजारच्या गावची माणसं बघायला आली. "म्हाताऱ्यानं गटारातनं सोनं काढलं, राव," असं लोक म्हणत. मामंजी ओट्यावर नेहमीपेक्षा ताठ बसायचे.

दिवाळी तोंडावर आली आणि आभाळ भरून आलं. पाऊस नाही, ऊन नाही, नुसतं कोंदट. अशा हवेत कांद्याच्या रोपाला पाणी घातलं की ते मुळाशी कुजतं, एका रात्रीत वाफा झोपतो. हे लहान पोराला माहीत असतं. मामंजींनी उपसा थांबवला.

गल्ली मात्र थांबली नव्हती. उलट दिवाळीची सारवणं, धुणी, भांडी. बुडकी काठोकाठ भरली. पाणी उभं राहिलं तशी त्यातली राख खाली बसली आणि तिने नळीचं तोंड धरलं. पाणी नळीतल्या नळीत मागे सरकू लागलं. ते दिसत नव्हतं, म्हणून कुणाला कळलं नाही. मग एका सकाळी आडाजवळची उघडी पन्हळ भरून वाहत होती आणि पाणी आडाच्या दगडांना लागून उभं होतं.

आक्का पाणी नेहमी फडक्याने गाळून घ्यायच्या. त्या दिवशी त्यांनी गाळलं आणि फडकं माझ्यापुढे धरलं. पांढऱ्या धडुत्यावर राखाडी थर होता, बोटाने ओढला तर रेघ उठावी एवढा.

"ह्ये आडातलं?"

"आडातलंच."

त्यांनी ते फडकं पिळलं नाही. तसंच दांडीवर टाकलं, सगळ्यांना दिसेल असं.

आक्कांचे दिवस भरत आले होते. पाय सुजले होते. मी मळ्यातल्या मोटेच्या विहिरीवरून घागरी आणायला लागले, ते पाणी उकळून घरात वापरायचो. पण बाकी गल्ली आडाचंच पाणी पीत होती. आणि चार घागरींनी बाळंतिणीचं भागत नाही. तिला न्हायला, बाळाला न्हाऊ घालायला, फडकी धुवायला पाणी लागतं, आणि ती सगळी कामं करणाऱ्या बायका गल्लीतल्या, त्यांचे हात त्या पाण्याचे. आक्का हे सगळं मोजत असायच्या. मला ते त्यांच्या डोळ्यांत दिसायचं.

थोरल्या दिरांना त्यांनी रात्री जेवायला वाढताना सांगितलं. दीर खाली मान घालून म्हणाले, "बुडकी फोडायची म्हंजी बाचं नाक कापायचं. गाव बगून गेलंय."

"मग काय लेकरू कापायचं व्हय?"

दिरांनी ताट सारलं आणि उठले. सकाळी त्यांनी मामंजींना कसंबसं सांगितलं असावं, कारण ओट्यावरून उत्तर आलं, "चार दिसात आबाळ फाटंल. मग उपसतो की. कुनाचं घर पडलंय?"

यजमानांनी ग्रामसेवकाला निरोप धाडले, देहूला, चिखलीला. तो दुसरीकडेच कुठे विहिरीच्या कामावर होता. आभाळ फाटलं नाही. वरच्या एका घरातल्या पोराला जुलाब सुरू झाले. चुलत सासूबाई आडावर म्हणाल्या, "दात येत असत्याल." त्या पोराला दात येऊन दोन वर्षं झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोठ्यातून आले तर आक्का घरात नव्हत्या. गल्लीत बायकांचा गलका ऐकू आला. मी धावले.

आक्का आडाच्या तोंडावरच्या शिळेवर बसल्या होत्या, रहाटाच्या बरोबर खाली. रहाटाचा दोर त्यांनी काढून, वेटोळं करून बुडाखाली घेतला होता. बसल्या होत्या त्या अशा, की त्यांना हात लावून बाजूला सारल्याशिवाय पोहरा आत सोडता येऊ नये. आणि दिवस भरलेल्या बाईला हात लावायची छाती त्या गल्लीत कुणाची नव्हती.

चार-पाच बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या. चुलत सासूबाई पुढे.

"आगं ऊठ, माजे बाई. पोरं तानेली हाईत."

"तानेली ऱ्हाऊ द्या. मरत्याल त्या परास बरं."

"आमच्या आज्ज्यापास्नं ह्याच आडाचं पानी पितोय आमी. कोन मेलं?"

"माजी दोन मेली," आक्का म्हणाल्या.

मग मागून एक म्हणाली, "तिचं बी खरं हाय," आणि दुसरी म्हणाली, "पन मंग आमी काय करावं?" आणि पुन्हा गलका सुरू झाला. एवढ्यात मामंजी आले. कुणीतरी गावंदरीत जाऊन सांगितलं असणार. हातात पहार तशीच होती. बायकांनी पदर ओढले, मीही ओढला. आक्कांनीही ओढला, पण उठल्या नाहीत.

मामंजी आडापासून थोड्या अंतरावर थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही, पण बोलले मला.

"तिला म्हनावं, ऊठ. गावात शोभा व्हतीया."

आक्का पदराआडून म्हणाल्या, "धाकटे, सांग त्यास्नी. बुडकी फोडा, मंग उठते."

दोघांच्या मध्ये चार पावलांची वाट होती. दोघांना दोघांचं स्वच्छ ऐकू येत होतं. तरी दोघंही थांबले, मी सांगावं म्हणून. मी सांगितलं.

"रोपाला पानी कुठनं आनू, म्हनावं? वरीसभर खायाचं काय?"

मी ते आक्कांना सांगितलं.

"कांदं न्हाई खाल्लं तर मानूस मरत न्हाई, म्हनावं."

कुणीतरी तोंडावर पदर धरून हसलं. मामंजींनी पहार जमिनीत रोवली. "तिला म्हनावं, चार दीस धीर धर. मी न्हाई म्हनत न्हाई. आबाळ जाऊ दे."

मी आक्कांकडे वळले आणि तोंड उघडलं. आक्कांनी हात वर करून मला गप्प केलं. मग त्यांनी पदर मागे टाकला. त्या घरात त्यांना दहा वर्षं होत आली होती. मामंजींनी त्यांचा चेहरा असा उघडा कधी पाहिला नव्हता, आणि त्यांनीही मामंजींच्या डोळ्यांत कधी पाहिलं नव्हतं.

"मामंजी," त्या म्हणाल्या, "दोनी लेकरांचा खड्डा तुमीच खांदला. तुमीच माती चोपली. म्या काय बोलले न्हाई, तुमी केलं म्हनून झालं, न्हाईतर कुनाच्यानं व्हनार हुतं? आता तिसरं पोटात हाय. त्याच्यासाटनं बी खांदून ठिवा. चोपायचं तुमास्नी चांगलं जमतं."

आवाज चढलेला नव्हता. म्हणूनच तो सगळ्यांना ऐकू गेला.

चुलत सासूबाईंनी घागर खाली ठेवली, तिचा आवाज झाला. मग मामंजींनी पहार उपटली आणि मागे न बघता गावंदरीच्या वाटेला लागले. ते चिडून गेले की काय करायला गेले, कुणालाच कळलं नाही. आक्का तशाच बसल्या.

थोड्या वेळाने दीर धावत आले. "बा पानी वाफ्यात सोडतोय," ते म्हणाले, "समदं रोप जाईल." बुडकी फोडायची तर आधी ती रिकामी करायला हवी होती, आणि उपसलेलं पाणी टाकायला तिथे वाफ्यांशिवाय जागा नव्हती. मामंजी कमरेइतक्या पाण्यात उभे राहून घमेल्याने उपसत होते, आणि त्या राखाडी पाण्याखाली हिरवं रोप एकेक वाफा करून आडवं पडत होतं. दोघे मुलगे त्यांच्या मदतीला उतरले. माझ्या यजमानांनी त्या दिवशी कारखान्यात जायचं टाळलं.

तळ फोडायला दुपार झाली. मातीचा थर मोठमोठ्या ढेपांनी निघाला. खालचं उरलेलं पाणी तरीही हलेना. चोपून चोपून मूळ जमीनच चिकट झाली होती. मामंजी तसेच खाली खणत राहिले, मुरूम लागेपर्यंत. मुरमाला पहार लागली तसं पाणी एकदम खाली बसलं, असं दीर सांगत. मग त्यांनी बाहेर पडलेले दगड आत टाकायला सुरुवात केली. मोठे आधी.

नळ्या साफ व्हायला आणखी काही दिवस जाणार होते. तोवर गल्लीचं पाणी नळीत पडून चालणार नव्हतं. ते कुणी ठरवलं, मला आठवत नाही. दुसऱ्या सकाळी मात्र चुलत सासूबाई आपल्या मोरीखाली टोपलं... नव्हे, पत्र्याचा डबा लावून बसल्या होत्या आणि भरला की डोक्यावर घेऊन गावाबाहेर ओतून येत होत्या, वाटेत दिसेल त्याला शिव्या देत. "ह्या वयात मोरीचं पानी डोईवर. काय दीस दावलं, गं बाई." त्यांचं बघून दुसऱ्या घरांनी केलं. मामंजी दोन बैल जुंपून मोटेच्या विहिरीचं पाणी पिंपाने आणून गल्लीत वाटत होते. ग्रामसेवक आला तो ह्या सगळ्याच्या मध्ये. त्याने आड उपसवून घेतला, लाल औषध टाकलं, आणि मामंजींशी बुडकीबद्दल चकार शब्द काढला नाही. गल्लीत त्याला आधीच कुणीतरी सांगून ठेवलं होतं.

आक्का बाळंत झाल्या तेव्हा आडाचं पाणी पुन्हा स्वच्छ निघू लागलं होतं. मुलगी झाली.

"येवढा तमाशा केला आन् पोरगीच?" चुलत सासूबाई दारातून म्हणाल्या, पण येताना त्या डिंकाचे लाडू घेऊन आल्या होत्या.

मामंजींशी आक्का त्यानंतर पुन्हा समोरासमोर बोलल्या नाहीत. पदर पुन्हा पुढे आला. त्या वर्षी आमच्याकडे कांदा झाला नाही. मामंजींनी गावंदरी तशीच पडू दिली. त्यावरून त्यांनी कुणाला बोल लावला नाही आणि नातीला हातातही घेतलं नाही. पाळण्यापासून लांबच बसायचे. मला तेव्हा वाटायचं की राग आहे. नंतर कळलं, भीती होती. उन्हाळा जायचा होता.

उन्हाळा आला. पाणी हलवलं म्हणून आजार घर विसरतो असं नाही. चैत्र संपता संपता मुलीला जुलाब सुरू झाले. आधी दोनदा, मग मोजायचं सोडून दिलं. सकाळपर्यंत तिचे डोळे खोल गेले आणि टाळू आत ओढली गेली. रडत होती, पण आवाज निघत नव्हता. आक्कांनी हे दोनदा पाहिलेलं होतं. मांडी घालून, तिला मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि उकळून गार केलेलं पाणी आणि भाताची पेज चमच्याने तिच्या ओठांत सोडत होत्या. अर्धी बाहेर यायची. पुन्हा सोडायच्या.

माझे यजमान उजाडताच सायकलवर तळेगावला गेले होते. डॉक्टरीणबाईंचा निरोप घेऊन धापा टाकत आले. मी तो आक्कांना सांगितला: पेजेत चिमूटभर मीठ आणि थोडी साखर घालून पाजत राहायचं. लघवी होते का ते बघायचं. झाली तर घाबरायचं कारण नाही. नाही झाली तर ऊन उतरायची वाट बघू नका, गाडी जुंपून निघा.

"कालपास्नं न्हाई केली," आक्का म्हणाल्या.

बाहेर मामंजींनी ते ऐकलं. कुणी सांगायच्या आधी ते उठले आणि बैल सोडून आणले. गाडीत कडबा पसरल्याचा आवाज आला, मग त्यावर वाकळ टाकल्याचा. दारात येऊन, आत न बघता, ते उभे राहिले. ऊन असं होतं की दाराच्या चौकटीतून धग आत येत होती. तळेगावपर्यंतची वाट मला डोळ्यांपुढे दिसत होती, एकही झाड नसलेली.

"आजून दोन चमचं," आक्का म्हणाल्या. "मंग निगू."

दोन झाले. मग आणखी दोन. त्या उठत नव्हत्या. मला कळलं की त्यांना उठायचंच नाही, उठलं की ते खरं होईल. मी टोपडं आणि फडकी बांधून घेतली, त्यांच्या खांद्याला हात लावला. "आक्का, चला."

त्यांनी एक गुडघा टेकला, मुलीला छातीशी धरलं आणि उठता उठता तशाच अर्ध्या थांबल्या. त्या खाली बघत होत्या. लुगड्यावर मांडीपाशी एक काळपट ओला डाग पसरत होता.

"मुतली," त्या हळूच म्हणाल्या, स्वतःशीच म्हणाल्यासारखं. मग त्यांनी त्या ओल्यावर हात फिरवला, हात नाकाशी नेला, आणि ओरडल्या, गल्लीच्या वरच्या टोकाला ऐकू जाईल एवढ्याने, सासऱ्यांच्या समोर, पदर कुठल्या कुठे:

"मुतली गं, धाकटे! मुतली माजी बाय!"

त्या परत मटकन खाली बसल्या आणि चमचा मागितला. गाडी दारात जुंपलेलीच राहिली. मामंजी बैलांना ऊन लागू नये म्हणून त्यांच्या डोक्यावर आपलं धोतर... नाही, आपलं उपरणं ओलं करून धरून उभे होते, कधी ह्या बैलावर, कधी त्या. संध्याकाळी मुलीने दुसऱ्यांदा केली तेव्हा त्यांनी बैल सोडले. आक्कांनी ते लुगडं त्या दिवशी बदललं नाही.